समोरच्या गुरुजींची बेचाळीस दारं

विसाव्या शतकाचं पेन्शन खाऊन एकोणिसाव्या शतकात राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची वसाहत तेव्हा नुकती उभी राहत होती. एका बाजूला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या बाजूला पेरूच्या बागा आणि मधे आम्ही पंधरा-वीस बिऱ्हाडं. कुणी बँकेत, कुणी विजेच्या खात्यात, मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. सगळी माणसं रीतसर आपापल्या काळात राहत होती. गॅसचा नंबर कधी लागेल, स्कूटर कधी मिळेल, नळाला पाणी किती वाजता येईल, असल्या काळज्या करत होती. समोरचे गुरुजी तेवढे या कशात नव्हते. नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, अंगानं काटक, डोक्याला काळी टोपी, सदऱ्याच्या खिशात टोक काढलेली पेन्सिल. सकाळी दुधाच्या रांगेत ते आमच्याबरोबरच उभे असत, पण मनानं शंभर वर्षं मागे, गोदावरीकाठच्या एका गावात, कुणाच्या तरी दारासमोर.

ते गाव माझंच होतं, हे मला आम्ही राहायला आलो त्या दिवशी कळलं. टेम्पोतून लोखंडी कपाट उतरत होतं. गुरुजी समोरून आले, न बोलता कपाटाचं दुसरं टोक धरलं आणि चार पावलं गेल्यावर विचारलं, "गाव कोणतं आपलं?" सायखेड्याच्या पलीकडचं आमचं गाव मी सांगितलं, आडनावही सांगितलं. गुरुजींनी कपाट तिथंच रस्त्यात टेकवलं. "म्हणजे तुम्ही एकोणिसावं दार," ते म्हणाले. "वरची आळी. दोन फळ्यांचं दार, डावी फळी वाजायची. पायरीचा दगड मधोमध झिजलेला. कुत्रं बांडं, अंगावर यायचं पण चावायचं नाही." मी म्हटलं, आमच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं. "तुमच्याकडे नसेल हो. तुमच्या पणजोबांकडे होतं." टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला, बायको दारातून हातवारे करत राहिली, आणि ते कपाट पुन्हा उचलेपर्यंत मला अठराव्या आणि विसाव्या दाराचीही साद्यंत माहिती मिळाली. मी त्या गावात जन्मलो, सातवीपर्यंत तिथंच शिकलो; पण आपल्याला आपल्या गावाची काडीचीही माहिती नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हा सगळा ऐवज गुरुजींकडे त्यांच्या आजोबांकडून आला होता. गुरुजी बौद्ध. त्यांचं घर वेशीबाहेरच्या वस्तीतलं, आमचं वेशीच्या आतलं. गुरुजींचे आजोबा त्याच वेशीवरचे वेसकर. वेशीची राखण करायची, आल्यागेल्याची वर्दी द्यायची, सरकारी निरोप घरोघर पोचवायचे, दवंडी द्यायची, कुणाकडे मयत झालं तर पायी जाऊन परगावच्या सोयऱ्यांना कळवायचं, आणि संध्याकाळी दारोदार हाक मारून भाकरी मागायची. पगार म्हणून वेगळा काही नव्हताच, त्या भाकरीवरच घर चालायचं. गावात बेचाळीस दारं. रोज दोन फेऱ्या, अशी पन्नासच्या वर वर्षं. म्हातारपणी नजर गेली, पाय थकले, तेव्हा आजोबा नातवाला पुढ्यात बसवून तीच फेरी तोंडानं करत. पहिलं दार कुणाचं, दुसरं कुणाचं, कुणाचं कुणाशी वाकडं, कुणाची म्हैस कधी व्याली, कुणाच्या पोरीला कुठं दिली. नातवानं ते सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं आणि पुढं जन्मभर, ऐकणारा सापडेल तिथं, म्हणून दाखवलं.

मात्र गुरुजींचं हे ज्ञान दारापाशी थांबे. आजोबा कुणाच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलेच नव्हते, त्यामुळं घराच्या आतल्या गोष्टी विचारल्या की गुरुजी दोन्ही हात वर करत. "बाहेरचं काहीही विचारा. आतलं आमच्याकडे नाही." पण बाहेरचं असं होतं, की आम्ही आतले लोक लाजून जावं. कुठल्या दाराची कडी कशी वाजे, कुठल्या घराच्या भिंतीला पोपडे आधी धरत, कुणाच्या तुळशीपाशी दिवा लागे आणि कुणाच्या नुसताच विझलेला असे, सगळं. माझी पणजी घरात कुणी पाहिलेली नव्हती. तिचा फोटो नाही, वस्तू नाही, आठवण सांगणारं कुणी उरलेलं नाही. गुरुजींकडे तिचा हात होता. "तोंड कधी दिसलं नाही, ती दाराआडून द्यायची. हात तेवढा बाहेर यायचा. मनगटावर गोंदलेलं, तीन टिंबं आणि एक आडवी रेघ. हिरव्या बांगड्या, एक कायम पिचलेली. भाकरी मोठी, पण कडेला कच्ची." माझी बायको हे ऐकून खूश झाली. आमच्या घरात तिच्या भाकरीला जन्मभर हीच नावं ठेवली गेली होती. "बघा," ती म्हणाली, "म्हणजे हे माझ्या माहेरून आलेलं नाही!" त्यानंतर गुरुजी तिचे लाडके झाले. भाकरी गरम असली की ती पहिली त्यांना नेऊन देई, आणि गुरुजी कड मोडून बघून गंभीरपणे म्हणत, "परंपरा टिकून आहे, वहिनी."

तिला त्यांनी एकदा चांगलंच घाबरवलं होतं. आम्ही नवे होतो, गुरुजींची बोलायची पद्धत अजून अंगवळणी पडायची होती. सकाळी भाजी निवडता निवडता तिनं गुरुजींच्या तोंडून ऐकलं, की सोनाराची धाकटी सून तीन दिवस जेवलेली नाही. सासू दारात बसून असते, सुनेला विहिरीवरसुद्धा एकटी जाऊ देत नाही, काल तिचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. बायकोचा जीव कळवळला. तिनं दोन दिवस भाजीवालीकडे, दूधवाल्याकडे, बँकवाल्यांच्या बाईंकडे वसाहतीत सोनार कुठं राहतात याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी तिनं पोळ्या केल्या, पिठलं केलं, डब्यात भरलं आणि गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. "मला घर दाखवा. मी त्या सासूशी बोलते." गुरुजी डब्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून म्हणाले, "वहिनी, उशीर झाला हो. माझ्या वडिलांची मुंज— छे, आमच्यात मुंज कुठली! माझे वडील रांगत होते तेव्हाच वारली ती." बायकोला हसावं का रडावं कळेना. ती घरी आली आणि संध्याकाळपर्यंत खरंच उदास होती. मला म्हणाली, "मेली असली म्हणून काय झालं, उपाशीच होती ना?" हे गुरुजींना कळलं तेव्हा ते म्हणाले की आजोबाही हेच म्हणायचे.

वेळ सांगायला त्यांना घड्याळ लागत नसे. मुलीनं हातातलं घड्याळ घेऊन दिलं होतं. ती नर्स होती, त्यांच्याजवळच राहायची, आणि वेळेच्या बाबतीत मोठी कडक. गुरुजी ते घड्याळ खुंटीला अडकवून ठेवत आणि "कासाराकडे भांडण सुरू व्हायची वेळ झाली" असं म्हणून सकाळच्या नऊच्या सुमाराला अंघोळीला उठत. दुपारचे बारा म्हणजे तेल्याचा बैल डोळ्यांवरची झापड काढून सावलीला उभा राहायचा ती वेळ. माझी मुलगी चौथीत होती; तिनं घड्याळाच्या धड्याखालच्या रिकाम्या जागेत 'तेल्याचा बैल' लिहिलं आणि बाईंकडून मार्क घालवले. गुरुजी तिच्या बाजूनं शाळेत भांडायला जायला निघाले होते, त्यांच्या मुलीनं अडवलं म्हणून राहिले. वसाहतीतल्या घरांनाही त्यांनी आपल्या मनानं जुनी माणसं वाटून दिली होती. विजेच्या खात्यातला वायरमन म्हणजे लोहार. कारण कुणाचंही काहीही बिघडलं की आधी त्याच्याच दारात गर्दी. बँकवाल्यांकडे वसाहतीतला पहिला मिक्सर आला, सकाळी घरघर ऐकू येऊ लागली, तेव्हापासून ते तेल्याचं घर. बँकवाल्यांच्या बाईंना हे कुणीतरी जाऊन सांगितलं. त्या रागावून आल्या आणि तासाभरानं तेल्याच्या बायकोनं एकटीनं चोर कसा धरला ते ऐकून परत गेल्या. पुढं त्या स्वतःच फोनवर "तेल्याच्या घरून बोलतेय" म्हणायच्या.

शाळेत असतानाही त्यांनी हाच उद्योग केला असणार, याची मला खात्री होती, आणि त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं ती पक्की केली. शाळा तपासायला साहेब आले होते. इतिहासाचा तास. साहेबांनी एका मुलीला उभं केलं आणि विचारलं, गेल्या शतकातली एखादी मोठी व्यक्ती सांग. मुलगी चटकन म्हणाली, "तुकी कुंभारीण." साहेबांनी चष्मा काढला. "तिनं काय केलं?" मुलगी म्हणाली, "ती मडकं बोटानं वाजवून आत चीर आहे का सांगायची. एकदाही चुकली नाही." साहेब गुरुजींकडे वळले. आता गुरुजींनी गप्प बसावं की नाही? ते हात जोडून म्हणाले, "साहेब, एकदा चुकली होती. पण ते मुलांना अजून शिकवलेलं नाही." शेऱ्यामध्ये साहेबांनी काय लिहिलं ते कुणी सांगत नाही. गुरुजींची बदली मात्र झाली नाही.

हे सगळं मी रंगवून सांगतो आहे, कारण पुढचं सांगणं तेवढंच लांबणीवर पडतं. ते माझ्याबद्दल आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

आमच्या गावच्या शाळेला शंभर वर्षं होत आली होती. गावानं समारंभ करायचं ठरवलं, स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि समितीचे अध्यक्ष झाले माझे थोरले चुलते. त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. मी कॉलेजात नोकरीला, मग मला लिहिता येत असणारच, असा तात्यांचा हिशेब. 'शंभर वर्षांपूर्वीचं आपलं गाव' हा लेख माझ्या गळ्यात पडला. मी काही काळजी केली नाही. मी वही घेऊन समोर गेलो.

आठ संध्याकाळी मी गुरुजींच्या ओट्यावर बसून लिहून घेतलं. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर ते सांगत आले होते आणि लोक हसत आले होते. आता कुणीतरी लिहून घेत होतं. ते दोन खुर्च्या मांडून वाट बघत. मी एखादं नाव चुकीचं लिहिलं, की पेन्सिलीनं खोडून वर नीट लिहीत आणि ते अक्षर मला दाखवत. घरात भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांची मुलगी ड्युटीवरून येऊन चहा करत असायची, ती आतून म्हणायची, "बाबा, त्यांना घरी जाऊ द्या आता." बाबा म्हणायचे, "अजून सात दारं राहिलीत."

आठव्या संध्याकाळी बेचाळिसावं दार झालं. मी वही मिटली. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "एक मागणं आहे." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी वर्तमानपत्रसुद्धा मागितलं नव्हतं. म्हणाले, "शाळा सुरू झाली, त्या दिवशी दवंडी आजोबांनी दिली. बेचाळीस दारांवर गेले. 'पोरं धाडा हो शाळंत, सरकारनं मास्तर पाठिवलाय!' त्यांचा स्वतःचा मुलगा आठ वर्षांचा होता, माझे वडील. त्यांना त्या शाळेत बसता आलं नाही. ते असो. तो विषय नाही. माझं म्हणणं एवढंच, की दवंडी कुणी दिली ते एका ओळीत यावं. नावानिशी. त्यांना सगळ्या गावाची नावं ठाऊक, पाळण्यातल्या पोराचंसुद्धा. त्यांना मात्र जो तो वेसकर म्हणायचा. कागदावरसुद्धा तेच. 'वेसकर' म्हणून अंगठा." आणि त्यांनी खिशातून एक चिठोरा काढून माझ्या हातात दिला. शाळामास्तरी वळणदार अक्षरात त्यावर त्यांच्या आजोबांचं नाव होतं, आजोबांच्या वडिलांच्या नावासकट. मी ते मोठ्यानं वाचलं. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की माझी जीभ सैल सुटते. मी म्हटलं, "ओळ कशाला गुरुजी, पानभर लिहितो!" ते घाईघाईनं म्हणाले, "नको, नको. ओळ पुरे."

मी लेख लिहिला. खोटं कशाला सांगू, चांगला लिहिला. त्याची पहिलीच ओळ त्या दवंडीची होती, नाव आणि सगळं. गुरुजींना जाऊन वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचली. त्यांनी आत जाऊन मुलीला बोलावलं आणि समारंभाच्या दिवशी रजा टाकायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तात्या छापखान्यात पानं द्यायला नाशकात आले आणि दुपारी आमच्याकडे जेवायला बसले. जेवता जेवता लेख वाचला. "लय भारी लिव्हलंय," ते म्हणाले. "पर आठ वळी जास्त व्हत्यात. देनगीदारांचे फोटो मावंनात. काढ काहीतरी." मी म्हटलं, काय काढू? तात्या म्हणाले, "ते मी कसं सांगू? लिहिनारा तू. फकस्त शाळंचा लेख हाय, तर सुरवात मास्तरापासनं कर. दवंडीपासनं कशाला?" एवढंच बोलले. दवंडी काढ, असं ते म्हणाले नाहीत. मी त्यांच्यावर ढकलू शकत नाही. पुष्कळदा ढकलून पाहिलं आहे. लेखात तुकी कुंभारीण होती, तिला चार ओळी होत्या. आमचं बांडं कुत्रं होतं. माझ्या पणजीचा हात होता, त्याला तर सहा ओळी. यातलं काहीही काढता आलं असतं. पण पणजी माझी होती, कुत्रं गमतीचं होतं, आणि तात्या समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होते. मी पहिली ओळ खोडली. मग तिच्या जोडीच्या सात ओळी खोडल्या. तात्यांनी पाठीवर थाप मारली, पानं पिशवीत घातली. गुरुजींचा चिठोरा टाचणीनं त्या पानांनाच लावलेला होता, तोही गेला.

समारंभाला चार दिवस होते. आमच्या दारापासून गुरुजींचं दार वीस पावलांवर. या चार दिवसांत मी जाऊन सांगू शकत होतो, की असं असं झालं, माझ्या हातून झालं. रोज ठरवायचो. रोज ते मला फाटकातून हात करायचे, मी हात करायचो आणि ऑफिसला जायचो. बायकोलाही मी काही बोललो नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे सायखेड्याच्या एसटीनं निघालो. गुरुजींनी नवा सदरा शिवला होता, धोतराला खळ घातलेली. मुलगी शेजारी बसली होती. मंडपात कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता, तेव्हा गुरुजी मला म्हणाले, "चला, एकदा पायानं करू." आणि जी फेरी मी आठ संध्याकाळी ओट्यावर बसून केली होती ती आम्ही गावातून चालत केली. निम्मी दारं राहिलेली नव्हती. कुठं सिमेंटचं घर, कुठं पिठाची गिरणी, कुठं नुसताच उकिरडा. गुरुजी प्रत्येक जागी थांबत, नाव घेत आणि पुढं होत. एकोणिसाव्या दाराशी माझी चुलत वहिनी उभी होती. ती म्हणाली, "आत या की गुरुजी. च्या घ्या." गुरुजी आत गेले. पहिल्या खोलीत उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, माजघराकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं आणि हसले. "अस्सं आहे होय आत! आजोबांना वाटायचं मधे चौक असेल. दाराशी आवाज घुमायचा ना, म्हणून. चौक नाहीच." मग खुर्चीवर बसून म्हणाले, "त्यांना सांगायला हवं होतं." माझ्या हातात चहाचा कप होता. तेव्हाही मला सांगता आलं असतं. त्याहून योग्य वेळ मला मिळणार नव्हती. मी वहिनीला साखर मागितली.

मंडपात स्मरणिका वाटल्या. गुरुजींनी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं, फोटोंची पानं उलटली, माझा लेख काढला आणि पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मग शेवटपर्यंत वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या मुलीचं बोट त्यांच्या खांद्यावरून ओळींवरनं खाली खाली सरकत होतं. ती थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी पाहिलं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, समासात एक खूण केली आणि पुस्तिका माझ्यापुढं धरली. "कासार आधी, कुंभार नंतर. इथं उलट छापलंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, पानं कमी पडली..." "हो," ते म्हणाले. "पानं कमी पडतातच." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. कार्यक्रम संपेपर्यंत बसले, प्रत्येक सत्काराला टाळ्या वाजवल्या, जेवणाच्या पंगतीतही बसले.

त्यानंतर गुरुजी माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. रागानं नाही, राग आला असता तर मी पायच धरले असते. थंडी पडली, यंदा द्राक्षांचं खरं नाही, नळाला आज पाणी कमी आलं, असं. दुसऱ्यांना ते पूर्वीसारखंच सगळं सांगत. आमच्या खिडकीतून मला त्यांच्या ओट्यावरचं हसणं ऐकू यायचं. एकदा मी धीर करून गेलो आणि विचारलं, "गुरुजी, तुकी कुंभारीण एकदा चुकली होती, ते काय होतं? ते सांगायचं राहिलंय." गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आता आठवत नाही हो." त्यांना आठवत नव्हतं! मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सरळ म्हणा ना, चुकलं म्हणून." मी जाणारच होतो. पाच वर्षं मी जाणारच होतो. एका हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गुरुजी गेले. मी खांदा दिला. तो देताना मला कुणी अडवलं नाही, पण अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं.

आता मीही रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. हे लिहायला घेतलं ते एवढ्याचसाठी, की ती ओळ इथं लिहावी, नावानिशी. बसलो, लिहू लागलो आणि लक्षात आलं, की नाव मला आठवत नाही. मी ते वाचलं होतं, माझ्या हातानं लिहिलं होतं, माझ्याच हातानं खोडलं होतं. बेचाळीस दारांची नावं आजही न अडखळता म्हणता येतात. हेच एक सापडत नाही. तात्या गेले, छापखाना बंद पडला. गावात जाऊन आलो. वस्तीत जुनं कुणी उरलेलं नाही. जुने कागद पाहिले, तिथं 'वेसकर' असं लिहून पुढं अंगठा. शेवटी गुरुजींच्या मुलीचा पत्ता शोधून तिच्याकडे गेलो. तीही आता नातवंडांत आहे. मी कशासाठी आलो ते तिला सांगितलं.

"बाबा आजोबाच म्हणायचे," ती म्हणाली. "त्यामुळं आम्हीही पणजोबाच म्हणायचो. नाव बाबांनी तुम्हाला लिहून दिलं होतं ना?"

मी हो म्हणालो.

ती आत जाऊन चहा घेऊन आली. कप पुढं ठेवताना म्हणाली, "तुम्ही त्यांना वाचून दाखवलं होतं, ओट्यावर. दोनदा. बाबा ते शेवटपर्यंत सांगायचे, की वाचताना किती छान वाटलं म्हणून. तेवढं त्यांना पुष्कळ होतं."

पुष्कळ नव्हतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही. पण तिनं ते म्हटलं, आणि मी खाली बघून चहा प्यालो.